परबकाकांचं ऊन

जयवंत परबचा आयुष्यात एकच फोटो गाजला, आणि तो त्याने काढलेला नव्हता.

झालं असं की डिसेंबरातल्या एका सकाळी त्याच्या मावसभावाने एक फोटो पाठवला. दाट रान, उंच सरळसोट झाडं आणि त्यांच्यामधून तिरप्या उतरलेल्या उन्हाच्या लखलखीत पट्ट्या. जयवंतला तो इतका आवडला की चहा निवेपर्यंत तो बघत बसला. मग त्याने तो चारकोपच्या आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘पहाटे रानात. सुप्रभात.’

दोन मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या हर्षदने विचारलं, ‘काका, तुम्ही काढलात???’ तीन प्रश्नचिन्हं होती. जयवंतने उत्तरादाखल नमस्काराचे दोन हात पाठवले. आता नमस्काराचे हात म्हणजे काही ‘हो’ नव्हे, असं त्याने स्वतःला बरंच समजावलं. पण पुढचा प्रश्न आला, ‘कुठे?’ आणि जयवंतने लिहिलं, ‘आपलंच बोरिवली.’ हे मात्र उघड उघड खोटं होतं. गंमत म्हणजे हा माणूस पस्तीस वर्षं एका विमा कंपनीत लोकांचे दावे खरे की खोटे ते तपासायच्या टेबलावर बसलेला. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच स्वतःच खोटा दावा लावून मोकळा झाला, आणि तो पासही झाला.

फोटोला बावन्न अंगठे आले. लिफ्टमध्ये लोक ‘काय फोटो काढलात यार काका!’ म्हणू लागले. सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनानंतर सोसायटीने त्याला गुलाबाचा गुच्छ दिला आणि चार शब्द बोलायला सांगितलं. जयवंत प्रकाश आणि धीर या विषयावर अकरा मिनिटं बोलला. ‘ऊन आपल्याकडे येत नाही, आपण उन्हाकडे जायला हवं,’ असंही एक वाक्य त्याच्या तोंडून गेलं. टाळ्या पडल्या. खरं सांगायचं तर साठाव्या वर्षापर्यंत त्याने बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या आत मुलांच्या छोट्या आगगाडीच्या स्टेशनापलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं.

ते उन्हाकडे जायचं वाक्य बोलला नसता तर वाचला असता. विमलाकाकी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, मूळ गाव मालवणजवळचं, नवरा गिरणीत होता. महिन्यापूर्वीच त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती, आणि तेव्हापासून त्या दिसेल ती वस्तू बघायला मागत होत्या. त्या तिथल्या तिथे उठून म्हणाल्या, “मगे आमका घेवन चल. माका बघूचा हा ता उन.”

“हो हो, जाऊ या ना एकदा,” जयवंत म्हणाला.

“एकदा कधी? येत्या आयतवारी.”

आठ माणसांनी हात वर केले.

घरी आल्यावर सुनंदाने गुच्छ पाण्यात ठेवला. सुनंदा म्हणजे त्याची बायको, म्युनिसिपालिटीच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेली. ती कमी बोलली की जयवंतला जास्त भीती वाटे. तिने फक्त विचारलं, “रविवारी टोपी घालणार आहात का?”

रविवारी पहाटे साडेसहाला सगळे बोरिवलीच्या गेटवर हजर. फोटोखाली ‘पहाटे’ लिहिलेलं असल्यामुळे वेळ बदलण्याची सोय राहिली नव्हती. हर्षदने पाठीवर भलीमोठी बॅग, हातात ट्रायपॉड आणला होता. पोरगा सव्वीसचा, एका जाहिरात कंपनीत कामाला. “काका, पुढे तुम्ही,” तो म्हणाला. “जागा तुम्हालाच माहीत.”

जयवंत पुढे झाला. आत्मविश्वासाने चालायचं आणि पहिलं बरं दिसणारं वळण घ्यायचं, एवढाच त्याचा बेत होता. वाटेत एक माकड त्याच्याकडे असं टक लावून बघत बसलं, की जणू गेली कित्येक वर्षं दावे तेच तपासतंय. अर्ध्या तासाने एका मोकळ्याशा जागी तो थांबला आणि हात पसरून म्हणाला, “हीच!”

जागा वाईट नव्हती. सागाची झाडं होती, मधूनच एखादं पांढऱ्या खोडाचं कांडोळ, बाजूला बांबूचं बेट. ऊन तेवढं नव्हतं. उजाडलं होतं, पण सगळं राखाडी, सावल्यासुद्धा नसलेलं. सात वाजले. सव्वासात झाले. कुणीतरी थर्मासमधला चहा काढला. साडेसात झाले.

“जयवंता,” दगडावर बसलेल्या विमलाकाकींनी हाक मारली, “तुझो सूर्य खंय रवलो?”

“येईल काकी. आज जरा ढग आहेत.”

सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

“ढग खंयचे मेल्या? समोर डोंगर हा. तो डोंगराच्या पाठसून येतलो. येळ लागतलो तेका.”

हे ऐकून जयवंतला घाम फुटला. सूर्य पूर्वेला उगवतो हे त्याला शाळेपासून ठाऊक होतं, पण बोरिवलीच्या पूर्वेला डोंगर आहे आणि सूर्याला तो ओलांडून यावं लागतं, हे अकरा मिनिटांच्या भाषणात कुठेच आलं नव्हतं.

“काका, तुम्ही किती वाजता आला होतात त्या दिवशी?” हर्षदने साधेपणाने विचारलं.

“त्या दिवशी... लवकर आलं होतं ऊन,” जयवंत म्हणाला. सुनंदाने तोंड फिरवून बांबू न्याहाळायला सुरुवात केली.

आठच्या सुमाराला डोंगराची कड उजळली आणि ऊन आलं. शेंड्यावरची पानं सोनेरी झाली, खाली पाचोळ्यावर कवडसे पडले. सुरेख होतं, पण फोटोतल्यासारखं काही नव्हतं. त्या हवेत उभ्या राहिलेल्या लखलखीत पट्ट्या कुठेच नव्हत्या. लोक विनयाने “छान आहे, छान आहे” म्हणू लागले.

तेवढ्यात खर्र खर्र आवाज आला. पार्काचा एक सफाई कामगार लांब दांड्याच्या खराट्याने वाट झाडत येत होता. त्याच्या शर्टावर नाव होतं, भीमराज. वाळलेली पानं बाजूला सारताना धुळीचा लोट उठत होता. जयवंतला आपला राग काढायला अखेर एक माणूस सापडला.

“अहो, थांबा जरा!” तो ओरडला. “दिसत नाही का, फोटो काढतोय आम्ही? सगळी धूळ लेन्समध्ये जाईल!”

भीमराज थांबला. धूळ हळूहळू खाली बसू लागली. आणि मागून हर्षद किंचाळला, “काका, काय केलंत! त्यांना थांबवू नका! ते बघा, ते बघा, गेलं!”

जयवंतने वळून पाहिलं. धूळ अजून थोडी तरंगत होती आणि तेवढ्या धुळीत उन्हाची शेवटची एक तिरीप, सागाच्या दोन पानांमधून सरळ खाली उतरलेली, त्याच्या डोळ्यांदेखत विरघळून गेली.

त्याला त्या क्षणी दोन गोष्टी कळल्या. एक, की उन्हाला दिसायला धूळ लागते. दुसरी, की ती धूळ आपणच नुकतीच थांबवली.

तो भीमराजकडे गेला. “जरा झाडता का?” त्याने शक्य तितक्या नम्रपणे विचारलं.

“मघाशी थांबा म्हणालात.”

“हो. माझं चुकलं.”

“आता झाड म्हणता. एक काय ते ठरवा ना साहेब.”

“झाडा. प्लीज. हवं तेवढं झाडा.”

भीमराजने खांदे उडवले आणि खराटा फिरवला. धूळ उठली आणि रानभर उन्हाचे खांब उभे राहिले. एक, तीन, सात. काही हाताएवढे जाड, काही सुतासारखे बारीक, सगळे एकाच बाजूला कललेले. धूळ त्यांच्यातून वर चढताना सोन्याची होत होती आणि बाहेर पडली की पुन्हा नुसती धूळ. जयवंतच्या हातात फोन होता, पण तो तसाच राहिला. मावसभावाचा फोटो बघताना झालेला आनंद याच्यापुढे काहीच नव्हता, आणि त्या फोटोवर फुशारकी मारल्याची त्याला चांगलीच लाज वाटली.

विमलाकाकी उठून उभ्या राहिल्या होत्या. “आमच्या घराक नळ्यांची कौलां होती,” त्या म्हणाल्या. “सकाळी चूल पेटली काय धुरातसून असेच दांडे दिसत. आये म्हणायची, हात लाव नको, भाजतलो.” आणि त्यांनी हात पुढे करून एका खांबात धरला. सुरकुतलेला तळवा उजळून निघाला. मग त्यांनी वळून विचारलं, “जयवंता, तुझ्या फोटूतय असोच कोण झाडत होतो काय रे?”

किती सोपं होतं. ‘हो’ म्हटलं असतं तर भागलं असतं. पण तो उजळलेला तळवा बघून जयवंतला आणखी एक खोटा दावा लिहिणं जमेना.

“काकी, तो फोटो माझा नव्हता,” तो म्हणाला. “मला मावसभावाने पाठवला होता. मी इथे आज पहिल्यांदा येतोय.”

“हिमालयातले देवदार होते त्यात,” सुनंदा शांतपणे म्हणाली. “बोरिवलीत देवदार! मी रोज वाट बघत होते, हे कधी बोलतील.”

दोघेतिघे हसले. विमलाकाकी तर डोळे पुसत हसल्या. हर्षद मात्र हसला नाही. तो ट्रायपॉडचे पाय मिटायला लागला.

“चार रविवार, काका,” तो म्हणाला. “तुमची जागा शोधत चार रविवार मी एकटा फिरलोय इथे. वाटायचं, काकांना या वयात दिसतं आणि मला डोळेच नाहीत.”

“सॉरी रे,” जयवंत म्हणाला. मग ते फारच तोकडं वाटून पुन्हा म्हणाला, “तुझे चार रविवार मी खाल्ले. तुझे डोळे चांगले आहेत. मघाशी मी या माणसाला थांबवलं, तेव्हा ऊन तुलाच दिसलं.”

हर्षद ट्रायपॉड मिटायचा थांबला.

एवढ्यात भीमराज खराट्यावर रेलून म्हणाला, “एवढं काय बघता तुम्ही लोक? मी तर रोज झाडतो.”

“तुम्हाला दिसत नाही?” सुनंदाने विचारलं.

“मी धुळीत असतो ना ताई. मला खाली पानं दिसतात.”

जयवंतने हात पुढे केला. “आणा तो खराटा इकडे. तुम्ही जा तिकडे, काकींच्या बाजूला उभे राहा.”

भीमराजने त्याच्याकडे, त्याच्या नव्या टोपीकडे, इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं आणि खराटा दिला. जयवंतने जोर लावून पहिला फटकारा मारला. पानं जागची हलली नाहीत, धूळ सगळी त्याच्याच नाकात गेली. त्याला सलग चार शिंका आल्या.

“साहेब, असं नाही. दांडा आडवा धरा, कंबरेतून फिरवा!” भीमराज लांबून ओरडला.

जयवंतने कंबरेतून फिरवला. आता धूळ उठली. त्याला काही दिसत नव्हतं, डोळ्यांत पाणी आणि समोर नुसता तपकिरी पडदा. पण पलीकडून भीमराजचा आवाज आला, “आयला...”

“काका, थोडं डावीकडे!” हर्षद ओरडला. ट्रायपॉड पुन्हा उघडल्याचा खटकाही ऐकू आला. “आणि थांबू नका हं!”

जयवंत शिंकला आणि डावीकडे सरकून झाडू लागला.