झेललेली काठी

बसमध्ये बारकीने पिशवीतून ड्रमची ती जुनी काठी काढली आणि दादाने दचकून आजूबाजूला पाहिलं.

"ही कशाला आणलीस?"

"सही घ्यायला," बारकी म्हणाली. "तू झेललीस तेव्हा सही राहूनच गेली ना."

दादा सेहेचाळीस वर्षांचा, वडिलांच्याच दुकानात मोडक्या खुर्च्या दुरुस्त करणारा. बारकी त्याच्याहून चार वर्षांनी लहान, चष्म्याच्या दुकानात काचा बसवणारी. लहानपणी दोघांत मिळून त्या बँडची एकच कॅसेट होती. ती इतकी वाजली, की तिसऱ्या गाण्यात गायकाला सर्दी झाल्यासारखी वाटायची. आता बँड म्हातारा होऊन निरोपाच्या दौऱ्यावर निघाला होता. कार्यक्रम दुपारी चारचा ठेवला होता. बहुधा त्यांनाही आता जागरण झेपत नसावं. तिकिटं बारकीने काढली होती, आणि आठवडाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगितलं होतं, "माझी पहिलीच वेळ. आमच्या दादाची दुसरी."

खरी गोष्ट अशी, की दादाचीही पहिलीच वेळ होती.

तेहतीस वर्षांपूर्वी वडिलांनी, आत्ता हे निघाले होते त्याच हॉलच्या खुर्च्या दुरुस्त केल्या, तेव्हा मॅनेजरने खूश होऊन याच बँडच्या कार्यक्रमाचं एक तिकीट दिलं. एकच. वडिलांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी बारकीची निघाली. मग हा तेरा वर्षांचा घोडा दोन दिवस रुसून बसला, पानावरही येईना. शेवटी नऊ वर्षांच्या त्या पोरीने तिकीट आपणहून त्याच्या वहीत ठेवलं. अट एवढीच घातली, की आल्यावर सगळं सांगायचं, एकही गाणं गाळायचं नाही.

हॉल तेव्हाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. आमचा शूरवीर गेटपर्यंत गेला. तिथे त्याच्या दुप्पट उंचीची माणसं, रेटारेटी, आरडाओरडा. दारावरच्या माणसाने तिकीट बघून फक्त विचारलं, "एकटाच का रे?" तेवढ्याने हा मागे सरला. तिकीट परत खिशात घालून तो समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला, आणि अख्खा कार्यक्रम त्याने भिंतीपलीकडून ऐकला.

घरी बारकी दारातच उभी होती. दोन दिवस रुसून मिळवलेल्या तिकिटाचं आपण काय केलं, हे तिला सांगायला तोंड कुठे होतं? म्हणून त्याने दुसरंच सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरुवात केल्यावर हात आखडता घेतला नाही. निळा उजेड काय, संथ गाण्याआधी गायकाने बूट काढून ठेवले काय, शेवटी ड्रमवाल्याने उभं राहून काठी भिरकावली आणि दादाने ती डाव्या हाताने झेलली काय. बारकी म्हणाली, "दाखव." दादा म्हणाला, "उद्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्याने एका मोडक्या खुर्चीच्या पाठीची दांडी काढली, एक टोक घासून गोल केलं, आणि खिळ्याचं भोक सरस आणि भुशाने बुजवलं. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. हा गोटा मात्र तेहतीस वर्षं बारकीच्या कपाटात मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता.

हॉलमध्ये दिवे मालवले आणि पहिलं गाणं सुरू झालं. दादाच्या अंगावर काटा आला. कॅसेटमधला सर्दीवाला आवाज समोर उभा होता, थकलेला, पण तोच. त्याला वाटलं, लहान मुलासारखं उठून उभं राहावं. पण बारकी त्याच्याकडे बघत होती. सगळं पाहून बसलेल्या माणसाने असं हरखायचं कसं? तो कोपर टेकून, जाणकारासारखी मान हलवत बसला. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, ते पहिल्यांदा बघतोय असा चेहरा करायचीसुद्धा त्याला चोरी झाली.

संथ गाणं आलं. बारकीने त्याचा दंड धरला. "आता बूट काढेल बघ."

गायकाने बूट काढले नाहीत. उजेडही निळा नव्हता, पिवळाच होता.

"पाय सुजत असतील रे," बारकी हळूच म्हणाली. "वय झालं." आणि जरा वेळाने, "तेव्हाची मजा आज नाही ना? तुला उगाच आणलं मी."

त्याच्या थापा खऱ्या ठरत नव्हत्या, म्हणून ती बँडच्या वतीने त्याची माफी मागत होती. दादाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मध्येच गायक थांबला. म्हणाला, आमचा ड्रमवाला दोन वर्षांपूर्वी गेला, त्याच्या जागी आता त्याचा मुलगा बसतो. मागे बसलेल्या चाळिशीच्या टकल्या माणसाने काठी उंचावली. लोक हळहळले. दादाला मात्र एकदम सुटल्यासारखं वाटलं, आता काठी कुणी ओळखणार नव्हतं. माणूस गेल्याच्या बातमीने आपल्याला हायसं वाटलं, हे कळलं तेव्हा अंधारातसुद्धा त्याने मान खाली घातली.

कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या दालनात टेबल मांडून बँडवाले सह्या द्यायला बसले. दादा म्हणाला, "रांग मोठी आहे, बस चुकेल." बारकी म्हणाली, "चुकू दे." तिची पाळी आली तशी तिने फडकं सोडून काठी ड्रमवाल्याच्या मुलासमोर ठेवली आणि निळ्या उजेडापासून डाव्या हातापर्यंत सगळी हकिगत सांगितली. एकही गोष्ट गाळली नाही.

त्या माणसाने पेन खाली ठेवलं. काठी दोन्ही हातांनी उचलली.

"बाबांची?" तो म्हणाला. "आम्ही घर बदललं ना, त्यात त्यांच्या सगळ्या काठ्या गेल्या. आमच्याकडे एकही नाही."

"मग ही तुमचीच," बारकी लगेच म्हणाली. "न्या तुम्ही. माझ्याकडे खूप वर्षं राहिली."

तेहतीस वर्षांपूर्वी वहीत तिकीट ठेवलं होतं, तशीच तिने ही काठी पुढे ठेवली. घेणाऱ्याला लाजसुद्धा वाटू न देता.

तो माणूस काठीवर बोटं फिरवत होता. एके ठिकाणी लाकूड गुळगुळीत झालं होतं. "इथे धरत असतील," तो म्हणाला आणि त्याने तिथेच आपला अंगठा टेकवला. त्याचे डोळे भरून आले होते. ते लाकूड बारकीच्या दरवर्षी पुसण्याने गुळगुळीत झालं होतं, आणि त्याच्या अंगठ्याशेजारी भुसा गळून उघडं पडलेलं खिळ्याचं भोक होतं. दादाला ते चार हातांवरून दिसलं. बहिणीला फसवलं ते फसवलं, आता एका पोरक्या माणसाच्या घरात खुर्चीची दांडी बापाची आठवण म्हणून भिंतीवर लागणार होती.

"ती त्यांची नाही," दादा म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला, की त्याला पुन्हा सांगावं लागलं. "खुर्चीची दांडी आहे. मी घासून केली. मी त्या दिवशी आत गेलोच नव्हतो."

त्या माणसाने दादाकडे पाहिलं, मग बारकीकडे. काठी त्याने टाकली नाही की आपटली नाही. हळूच टेबलावर ठेवली आणि बोटांनी बारकीच्या बाजूला सरकवली. मग डोळे पुसून त्याने मागच्या माणसाचा कागद पुढे ओढला. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर दादाला सोपं गेलं असतं.

बारकीने काठी फडक्यात गुंडाळली आणि ती बाहेर आली. उन्हं अजून होती. गेटपाशी ती थांबली.

"मग होतास कुठे?"

दादाने समोर बोट दाखवलं. दुकान आता फोनचं झालं होतं, पायरी मात्र तीच होती, दगडी. बारकी रस्ता ओलांडून गेली आणि पायरीवर बसली. पिशवी मांडीवर घेऊन तिने हॉलच्या भिंतीकडे पाहिलं.

"इथून ऐकू येत होतं?"

"येत होतं."

"सगळी गाणी?"

"सगळी."

ती काठीबद्दल विचारेल, बुटांबद्दल विचारेल, या वयात लोकांत हसं केलंस म्हणेल, याची त्याने तयारी केली होती. बारकीने शेजारच्या मोकळ्या दगडावर तळहात ठेवला.

"घर दोन गल्ल्यांवर तर होतं, दादा," ती म्हणाली. "मला बोलवायला का नाही आलास? पायरीला कुठे तिकीट लागत होतं?"

दादाला तेहतीस वर्षं काही ना काही सांगायला सुचत आलं होतं. आता तो तिच्यासमोर नुसता उभा राहिला, आणि तिच्या शेजारी जागा असूनही त्याला बसवेना.