सारा त्या पहाटे कुठे होती?

चर्चमधले लोक बायबलचा वर्ग घेणाऱ्या बाईला नाटकबाई म्हणत. जन्मभर शाळेत नाटक शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर ती निरनिराळ्या चर्चमध्ये जाऊन बायबलचे वर्ग घेऊ लागली. इथल्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, बोलावतानाच सांगून टाकलं होतं, की आमच्या मंडळींना बायबल म्हणजे औषधाची बाटली. दुखल्याखुपल्याशिवाय झाकण उघडत नाहीत.

तिची रीत साधी. उतारा मोठ्यानं वाचायचा आणि ज्याच्या वाट्याला त्यात एकही वाक्य आलेलं नाही, त्याच्या तोंडून बोलायचं. पहिला रविवार हसण्यात गेला. एका हरवलेल्या मेंढरासाठी मेंढपाळ बाकीची सोडून जातो, त्या गोष्टीत मागे राहिलेली नव्व्याण्णव मेंढरं होऊन मंडळींनी त्याच्या नावानं यथेच्छ बोटं मोडली.

दुसऱ्या रविवारी दुपारी तिनं अब्राहामाची गोष्ट काढली. देवानं मुलाचा बळी मागितला आणि बाप पहाटे उठून इसहाकाला घेऊन डोंगराकडे निघाला. मुलगा शेवटी वाचतो. पण त्याची आई सारा त्या अख्ख्या प्रसंगात दिसतच नाही. नाटकबाईनं विचारलं, "सारा त्या पहाटे कुठे होती?"

कुणीच पुढे येईना. मग मागच्या बाकावरून घंटावाल्याची बायको उठली. घंटावाला म्हणजे चर्चची घंटा वाजवणारा, किल्ल्या सांभाळणारा अबोल म्हातारा. तो तिच्या शेजारीच बसला होता. पाळकांनी एकदम मान खाली घातली. या दोघांची एकुलती एक मुलगी सातव्या वर्षी तापानं गेली होती. सगळ्यांना ते ठाऊक होतं, फक्त नाटकबाईला नव्हतं.

"सारा घरातच होती," म्हातारी म्हणाली. "जागी होती."

मग ती सावकाश सांगत गेली. तीन रात्री तिनं पोरीच्या उशाशी काढल्या होत्या. ती म्हणत होती डॉक्टर, नवरा म्हणत होता आजार बरे करणारी परगावची प्रार्थनासभा. चौथ्या पहाटे त्यानं पोरीला उचललं. कडी वाजली. पोरीनं विचारलं, आई येत नाही? तो म्हणाला, झोपू दे तिला. आणि डोळे मिटून पडलेल्या आईच्या मनात आलं, नेतोय तर नेऊ दे, तासभर पाठ तरी टेकता येईल.

मुलगी बसमध्येच बापाच्या मांडीवर गेली. तुला न उठवता गेलो म्हणून तो सव्वीस वर्षं बायकोची माफी मागत आला होता. बायको दरवेळी गप्प राहिली होती.

सारा कधी संपली आणि म्हातारी कधी बोलू लागली, ते कुणाला कळलंच नाही. सगळे घंटावाल्याकडे बघत होते. तो रागावला नाही.

"बाहेरचा जिना उतरताना ती माझ्या खांद्यावरून मागे बघून हात हलवत होती," तो म्हणाला. "मला वाटलं, तापात भ्रम झालाय."

"मी खिडकीशी आले होते."

"मग तूही हलवलास?"

"नाही. तू बघशील म्हणून पडदा ओढला."

नाटकबाईनं हातातलं बायबल मिटलं. पाळक प्रार्थनेला उठले आणि पुन्हा खाली बसले. अखेर घंटावाल्यानंच खिशातल्या किल्ल्या काढल्या आणि म्हणाला, "दिवे बंद करायचे आहेत."

आठवडाभर नाटकबाईला अन्न गोड लागेना. नस्ती उठाठेव केली आपण, असं वाटून तिनं पाळकांना फोन केला आणि वर्ग बंद करू म्हणाली. पाळक म्हणाले, "ती दोघं रोज विचारतायत, पुढची गोष्ट कुठली म्हणून."

रविवारी ती वर्ग घ्यायला गेली. म्हातारा-म्हातारी त्याच बाकावर होती, पण दोन टोकांना. मध्ये एका लहान अंगाच्या माणसापुरती जागा सोडली होती. भांडण झालं होतं की मिटलं होतं, कळायला मार्ग नव्हता. उताऱ्याचे कागद वाटत नाटकबाई त्यांच्यापाशी आली. हातातले दोन कागद तिनं पुढे केले.

म्हातारीनं ते घेतले, मोजले आणि तिच्याकडे बघितलं.

"अजून एक द्या," ती म्हणाली.

नाटकबाईनं तिसरा कागद दिला.