पाहुण्यांची शाल

पूर्णा नदी घरात शिरली तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी आम्ही शाळेत आलो. ते कपडे अजून ओलेच होते. माझी तान्ही ऐश्वर्या ओल्या दुपट्यात थरथरत होती. मी सारखी तिचे ओठ बघत होते, निळे तर पडत नाहीत ना.

शाळेतल्या निवारा केंद्राचे प्रमुख सोमेश्वर सर. कोरडं पांघरूण मागितलं की म्हणत, "ताई, रस्ता बंद हाय. ब्लँकेटची गाडी वारंगा फाट्यावर अडकून राहिली. धीर धरा."

धीर मात्र त्याच रस्त्यानं वेळेवर आला. समुपदेशक मॅडमच्या रूपानं.

मॅडमनी सगळ्यांना मांडी घालून बसवलं. "डोळे मिटा. एक संथ वाहणारी नदी डोळ्यांसमोर आणा."

"आणायची काहून?" शेजारच्या मंजुळामावशी म्हणाल्या. "तीच आली की, पार चुलीपर्यंत."

बायका हसल्या. मॅडम खूश. "बघा, हसू परत येतंय!"

मी डोळे मिटलेच नव्हते, म्हणून जीप मला आधी दिसली. "फाट्यावरून गाडी आली!" सगळ्या धावल्या. ड्रायव्हरनं उतरवलं काय, तर एक नारळ, पुष्पगुच्छ आणि जाड लोकरी शाल.

"आन् ब्लँकेट?"

"सांगितलं न्हाई का, रस्ता बंद हाय," सर म्हणाले. "पाहुण्यांना बिनसत्काराचं पाठवू का मी? हिंगोलीत काय तोंड दाखवू?"

सत्कार पूरग्रस्ताच्या हातून व्हावा, फोटोत बरा दिसतो, असं ठरलं. "आमच्या करुणाताई, बीए हायेत," म्हणत सरांनी माइकवरून मला पुढं बोलावलं. मॅडम मान किंचित झुकवून उभ्या राहिल्या.

मी शाल उलगडली. इतकी कोरडी होती ती! कुशीतल्या ऐश्वर्याचं ओलं दुपटं मी फरशीवर टाकलं आणि शाल तिलाच गुंडाळली, डोक्यापासून पायापर्यंत.

मॅडमची मान झुकलेलीच. सवयीनं टाळ्या पडल्या.

"ओ ताई, पाहुण्यांची हाय ती!" सर कुजबुजले. माइक चालूच होता.

"व्हय का?" मंजुळामावशी म्हणाल्या. "मंग घ्या की काढून लेकराच्या अंगावरून. ओ फोटोवाले, जरा जवळ या."

सर मॅडमकडे बघू लागले, मॅडम फोटोवाल्याकडे. शेवटी सरांनी मॅडमच्या हातात नुसता नारळ ठेवला.

तोवर ऐश्वर्याची थरथर थांबली होती. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "किती सावरलात तुम्ही! सत्राचा उपयोग झाला ना?"

"बराबर झाला, मॅडम," मी म्हटलं. "उद्याही या. येताना अजून दोन-चार पाहुणे आणा. लेकरं बरीच आहेत इथं."