कापसाची खोली

सीमानं आईच्या पदराला लावलेला माइक पुन्हा एकदा सरळ केला, तोच जानरावकाका आत आले आणि न विचारता शेजारची खुर्ची ओढून बसले. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, खांद्यावर नवा दुपट्टा. मुलाखतीचा पोशाख.

"वहिनीले काय इचारतं कापसाचं?" ते म्हणाले. "मी सांगतो ना."

कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या एलोदीला त्यातलं अक्षरही कळलं नाही. ही सीमाची फ्रान्समधली मैत्रीण. तिनं हसून मान डोलावली आणि काकांनाही चौकटीत घेतलं.

त्या वर्षी भातकुलीच्या आसपास कॅमेरा म्हटला की कापूस, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुठल्या ना कुठल्या वाहिनीची गाडी गावात यायची आणि गाव जानरावांच्या घराकडे बोट दाखवायचं. बोलावं तर त्यांनीच. कुठं थांबायचं, कुठं आवाज जड करायचा, सगळं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. लग्न होऊन फ्रान्समध्ये, ल्योंला गेलेली पुतणी आता गोरी बाई घेऊन आली म्हटल्यावर तर ते दाढी करून तयारच होते. आपण आपल्या घरावर, आपल्या लहानपणावर माहितीपट करतो आहोत, असं सीमानं सगळ्यांना सांगून पाहिलं. घरावर म्हणजे शेतीवरच की, असं म्हणून सगळे मोकळे झाले.

आणि तिला हवं होतं फक्त आईचं एक वाक्य. सीमा नऊ वर्षांची असताना कापसानं छतापर्यंत भरलेल्या मागच्या खोलीत काका तिला न्यायचे. दार ओढून घ्यायचे. पुढं जे व्हायचं, ते तिनं ल्योंमध्ये कॅमेऱ्यासमोर बसून फ्रेंचमध्ये सांगून टाकलं होतं, पाणीही न पिता. मराठीत ते आजवर तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. दुसऱ्या वर्षी काकांचं लग्न झालं आणि ते थांबलं. लग्नामुळंच थांबलं, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. राहिला होता एकच प्रश्न: आईला माहीत होतं का? त्या उत्तराशिवाय सगळी फिल्म म्हणजे परदेशात बसलेल्या एका बाईची एकटीची बडबड ठरणार होती.

आल्या दिवसापासून ती आईला एकटीला गाठायला बघत होती, पण जमुनाबाई ताकास तूर लागू देत नव्हत्या. पहिल्या दिवशी चुलीपाशी विषय निघाला, तर त्यांना एकदम शेंगा उकडायच्या होत्या. काल सीमानं सरळ विचारलं, "आई, त्या मागच्या खोलीत काय व्हायचं, तुला ठाऊक होतं?" तर "गाय सुटली वाटते, पाहून येतो," म्हणून आई गोठ्याकडे निघून गेली. गाय खुंट्याला बांधलेलीच होती. सीमानं खिडकीतून पाहिलं होतं.

म्हणून आज हा माइक, ही खुर्ची. निदान वायरीनं तरी आई जागेवर राहील, असा तिचा हिशेब होता. आता काका येऊन बसल्यावर तोही फसला.

"आई, मी लहान असताना..." तिनं तरीही सुरुवात केली.

आई नव्या बियाण्यावर बोलली. मग फवारणीवर बोलली. काकांनी मधेच तिला दुरुस्त केलं आणि सरकारी खरेदीवर चांगलं लांबलचक भाषण ठोकलं. एलोदीनं हळूच विचारलं, ठीक चाललंय ना? फारच छान, असं सीमा दात आवळून म्हणाली. समोरचा पाण्याचा तांब्या उचलून भिंतीवर फेकावा असं तिला वाटत होतं. या घरात कोणी मेलं तरी हे कापसावरच बोलतील.

काका आता रंगात आले होते. घरातली जुनी थट्टा त्यांनी गोऱ्या बाईसाठी बाहेर काढली. सीमाला ती पाठ होती. जमुनावहिनीला कापसाची खाज सुटते. एका वर्षी ऐन हंगामात तिनं मागची खोली रिकामी करायला लावली आणि पुन्हा कधी घरात कापसाचं बोंडही येऊ दिलं नाही. अजून त्या खोलीला कुलूप आहे. पाहुण्यारावळ्यांसमोर काका ही गोष्ट सांगायचे आणि लहानपणी सीमाही सगळ्यांबरोबर हसायची.

"साऱ्या गावाचा कापूस ज्याच्या त्याच्या घरात," काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "अन् आपला वावरातल्या खोपटात. दादा बिचारा हिवायाभर तिथं राखन करत कुडकुडे. सांगा ना वहिनी, काहून नाई ठेवला घरात?"

आईनं पदर सारखा केला. तिनं काकांकडे पाहिलं नाही, सीमाकडेही नाही. समोर कॅमेऱ्याच्या काचेत बघून ती म्हणाली,

"घरात पोरगी होती माही."

काकांचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

"म्हंजे?"

"तुमाले मालूम हाये, भाऊजी."

बाहेरून कोणाची तरी बैलबंडी खडखडत गेली. काकांनी दुपट्टा झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला आणि चहाचं पाहतो असं काहीतरी पुटपुटत उठले. या घरात त्यांनी आजवर हातानं पाणीही घेतलं नव्हतं. चुलीकडे न जाता ते अंगणातून थेट रस्त्याला लागले. एलोदीनं भुवया उंचावून विचारलं, बंद करू? सीमानं हातानंच नको म्हटलं.

तिला हवं होतं ते वाक्य मिळालं होतं. मग हायसं का वाटत नव्हतं? उलट तिला राग येत होता. म्हणजे ते लग्नानं नव्हे, आईनं थांबवलं होतं. खोली रिकामी केली, बाबांना थंडीत वावरात झोपवलं, आयुष्यभर खाजेची थट्टा सोसली, आणि पोरीशी एक शब्द नाही. हा माणूस इतकी वर्षं याच घरात जेवत राहिला.

"मंग मले काहून नाई सांगतलं तुनं?" तिच्या तोंडून निघालं. आपण वऱ्हाडीत बोललो, हे तिला नंतर कळलं. "एकदा तरी?"

जमुनाबाईंचा हात गुडघ्यावर गेला. उठताना त्या नेहमी असाच हात टेकवायच्या. चुलीवर दूध होतं आणि ते वर यायला लागल्याचा वास दोघींनाही आला.

दूध उतू गेलं. आई उठली नाही.