तिसरं कडवं

जेमा हेस्केथचं गाणं रेडिओवर लागू लागलं, तेव्हा ते कोणावर लिहिलंय याबद्दल अख्ख्या मोरकममध्ये कोणाला शंका नव्हती. तिला सोडून लीड्सला पळालेल्या त्या ड्रमवाल्यावर. जेमाने हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. आमच्या गावाला एवढं पुरतं. सगळ्यांत जास्त खात्री होती तिच्या बापाची. ट्रेव्हर हेस्केथ आइस्क्रीमची गाडी घेऊन गल्लोगल्ली फिरायचा आणि कोन देता देता गिऱ्हाइकाला ऐकवायचा, "माझ्या पोरीचं गाणं बरं का! त्या ढोलबडव्याला कसं सुनावलंय बघा. 'जायचं तर जा, दार उघडंच आहे.' जोडे भिजवून मारलेत, भिजवून!"

ते आपल्यालाच मारलेत, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं.

बिचारा म्हणायचं की नाही, हा प्रश्नच आहे म्हणा. जेमा अकरा वर्षांची असताना तो बायको-पोरीला सोडून गेला होता. फार लांब नाही, चार गल्ल्या पलीकडे, मॉरीन नावाच्या बाईकडे. धंदा तोच राहिला, गाडी तीच, फेरीही तीच. उन्हाळ्यात रोज चारच्या सुमाराला शेजारच्या गल्लीतून गाडीची धून ऐकू यायची. आइस्क्रीमवाल्याने एका वेळी बारा सेकंदांहून जास्त धून वाजवायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे, आणि ट्रेव्हर नियमाचा पक्का. जेमा खिडकीत उभी राहून मोजायची. बाकी गल्ल्यांत पुरते बारा भरायचे. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी आली की सातालाच धून बंद. इंजिनाची घरघर तेवढी पुढे निघून जायची आणि थोड्या वेळाने पलीकडच्या गल्लीत पुन्हा धून सुरू व्हायची.

पोरीने स्वतःची समजूत घालून घेतली होती. आपण इथे उभ्या आहोत हे बाबाला कुठे माहीत आहे? माहीत असतं तर वळला असता. या समजुतीच्या आधाराने ती मोठी झाली. मॉरीन पुढे दुसऱ्या कोणाबरोबर स्पेनला गेली, तरी ट्रेव्हर काही घरी आला नाही.

तो आला तीन वर्षांपूर्वी, जेमाच्या आईच्या अंत्यविधीला. शेवटच्या बाकावर बसला आणि लोक पांगल्यावर जेमाच्या स्वयंपाकघरात उभा राहून त्याने सगळ्यांच्या कपबशा विसळल्या. तेव्हापासून दर गुरुवारी यायचा. टायर, हवा, शेजाऱ्याचं कुत्रं, यांवर दोघं तासभर बोलायची. जुनं कोणी उकरून काढलं नाही. जेमाला तीस वर्षांची होऊन बाप मिळाला होता, तो तिला पुन्हा घालवायचा नव्हता.

पण गाणं लिहिताना माणूस एकटा असतो. तिसऱ्या कडव्यात तिने लिहून टाकलं होतं:

गल्लीच्या तोंडाशी येऊन तू धून बंद करायचास,
एक ते सात आकडे मी मोजत राहायचे.
तुला कुठे ठाऊक होतं
मी खिडकीत उभी असायचे.

आमच्या त्या भागात आइस्क्रीमची गाडी एकच. शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. रेकॉर्ड कंपनीतल्या फियोनाने रेडिओसाठी हे कडवं कापून टाकलं, कारण चार मिनिटांचं गाणं रेडिओवर कोणी लावत नाही. जेमाने वरवर तोंड पाडलं आणि मनातून सुटकेचा श्वास टाकला. मग तबकडी काढायची वेळ आली आणि फियोनाने विचारलं, "पुरं गाणं घालू ना?" जेमाला सांगायचं होतं, बाई, तुझ्या पाया पडते, घालू नकोस. तिने लिहिलं, "काही हरकत नाही. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा." आमच्याकडे याचा अर्थ शेंबडं पोरही 'नको' असाच लावेल. फियोना पडली लंडनची. तिने शब्दाला शब्द धरला आणि पुरं गाणं छापून टाकलं.

तबकडी दुकानात आली तो शुक्रवार. आता काय ते सांगूनच टाकायचं, असं ठरवून जेमा बापाच्या घराच्या आवारात गेली. तो गाडी पुसत होता.

"बाबा, मला बोलायचंय तुझ्याशी."

"आधी डोळे मीट."

"बाबा, अरे ऐक ना..."

"मीट म्हणतो ना! बापाचं एकदा तरी ऐक."

तिने डोळे मिटले. बटण दाबल्याचा आवाज आला आणि गाडीवरच्या भोंग्यातून, पत्र्याच्या डब्यात चमचे वाजावेत तशी, तिचीच चाल वाजू लागली. जायचं तर जा, दार उघडंच आहे.

"ब्लॅकपूलच्या एका माणसाकडून बसवून घेतली," ट्रेव्हर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "बरोब्बर बारा सेकंद! जुनी धून काढून टाकली. तीस वर्षं वाजवत होतो, कंटाळा आला होता. हं, बोल. काय म्हणत होतीस?"

जेमा घराकडे वळली. "काही नाही. चहा टाकते."

"टाक. आणि उद्या दुपारी क्लबात ये. माल्कम रेकॉर्ड प्लेअर आणतोय. मी डझनभर तबकड्या घेतल्यात, सगळ्यांना एकेक."

"कशाला? रेडिओवर ऐकलंय की सगळ्यांनी."

"रेडिओवर तो मेला निवेदक मध्येच बडबड करतो."

"तबकडीवरचं जरा वेगळं आहे, बाबा. लांब आहे."

"मग बरंच की! जास्त ऐकायला मिळेल."

तिने चहा टाकला. दोघांनी हवेबद्दल बोलत तो प्यायला.

शनिवारी बोलिंग क्लबात दहा-बारा म्हातारे जमले होते. ट्रेव्हरच्या दोस्ताने, माल्कमने, तबकडी फडक्याने पुसून अशी काही ठेवली, जणू देवच बसवतोय. पहिल्या कडव्याला सगळे गप्प होते. ध्रुवपद आलं आणि म्हाताऱ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. ट्रेव्हर तर खुर्चीवरून उठून हातवारे करत होता. जेमा दाराशी उभी होती. वायर ओढावी, प्लेअरला धक्का मारावा, असं तिच्या मनात दहादा आलं. ती दाराची कडी तेवढी धरून राहिली.

दुसरं कडवं संपलं. रेडिओवर इथे पुन्हा ध्रुवपद येतं, त्यामुळे सगळ्यांनी दणक्यात सुरुवात केली, "जायचं तर जा..." आणि तबकडीने तिसरं कडवं धरलं. दोघेतिघे हसले. "अरे, चुकलं, चुकलं!" माल्कम ओरडला. मग गल्लीचं तोंड आलं, बंद केलेली धून आली, आणि एकेकाचा आवाज बसत गेला. ट्रेव्हरला ऐकायला थोडं कमी येतं. तो एकटाच पुढची ओळ गात राहिला, "दार उघडंच आहे," आणि मग त्याला आपला एकट्याचा आवाज ऐकू आला. तो थांबला. हात अजून वरच होता.

बाकीचं कडवं सगळ्यांनी खाली बघत ऐकलं.

गाणं संपल्यावर ट्रेव्हरने ग्लास टेबलावर ठेवला, टोपी उचलली. "चांगलं आहे," तो कोणाकडेही न बघता म्हणाला. "गाडी आत लावायची राहिलीय माझी." आणि जेमाच्या अंगावरून निघून गेला. ती "बाबा" म्हणाली, पण ते तिचं तिलाच जेमतेम ऐकू आलं.

रात्रभर आणि सकाळभर तिने फोन केले. तो उचलेना. दुपारी ती आईच्या खुर्चीत बसून रडली. तीन वर्षं जपलेला बाप चार ओळींत गेला, आणि त्या चार ओळी खोट्या आहेत असंही तिला म्हणता येत नव्हतं. रागही येत होता आणि त्याची दयाही येत होती. दोन्ही एकदम आलं की माणसाला काहीच करता येत नाही.

रविवार होता, सप्टेंबर संपत आला होता, बारीक पाऊस लागला होता. अशा दिवशी आइस्क्रीम कोण खातं? पण चारच्या सुमाराला शेजारच्या गल्लीत धून वाजली. तिचीच चाल. जेमा उठून खिडकीशी गेली. मोजायचं नाही असं ठरवूनही मोजू लागली.

धून थांबली. मग गल्लीच्या तोंडाशी पुन्हा सुरू झाली. पाच. सहा. सात.

आठ. नऊ. धून चालूच होती. बारा झाले. तेरा, चौदा. नियम मोडून, वाजत वाजत, गाडी गल्लीत वळली आणि तिच्या दाराशी येऊन उभी राहिली. तेव्हा कुठे धून बंद झाली.

ती तशीच, कोट न घालता बाहेर आली. गाडीची खिडकी सरकली. ट्रेव्हरने दाढी केली नव्हती, पण पांढरा ॲप्रन कडक इस्त्रीचा होता. काही न विचारता त्याने कोन भरला, वर चॉकलेटची कांडी खोचली.

"बाबा, मी सांगते त्यांना. ते कडवं काढून टाकायला लावते."

"काढू नकोस." त्याने कोन तिच्यापुढे धरला. "तेच काय ते खरं आहे. बाकीचं गाणं कोणीही लिहिलं असतं. फक्त एक ओळ चुकलीय."

"कुठली?"

आधीच स्वच्छ असलेला ओटा तो दुसऱ्या हाताने पुसत राहिला.

"'तुला कुठे ठाऊक होतं,' लिहिलंयस ना, ती." तो तिच्याकडे बघत नव्हता. "मला दिसायचीस तू, जेमा. रोज. तो पिवळा स्वेटर घातलेली. तू दिसलीस, की मी बटण बंद करायचो."

पावसाचे थेंब आइस्क्रीमवर पडत होते. जेमाने कोन घेतला नाही, आणि ट्रेव्हरने हात मागे घेतला नाही.