थॉर्नकोटवाली

पांढुर्ण्यात सुनेला तिच्या नावाने कोणी हाक मारत नाही. देवकाबाई तिगावची, म्हणून लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ती तिगाववाली. भेटीला आलेल्या लेकीला मात्र सासरच्या गावाने ओळखायचं. लेक प्रणालीने इंग्लंडातल्या डॅनियल थॉर्नकोटशी लग्न केलं, तेव्हा थॉर्नकोट हे तिकडचं जुनं गाव आणि तेच जावयाचं आडनाव, एवढं देवकाबाईला समजलं. ते तिला पटलंही. हळदीला तिने ते गाव गाण्यात गुंफलं:

लेकीचं सासर माझ्या, दूर थॉर्नकोट गाव
वाऱ्या, सांगजो रे तिथं, तिच्या माहेराचं नाव

जाऊ अलका तर फोनवर पोरीला चिडवायची, "काय वं थॉर्नकोटवाली, विहिरीवर पाणी भरून राहिली का?" प्रणाली नुसती हसायची.

आता डॅनियल ओसरीवर बसला होता आणि प्रणाली त्याच्या मांडीवरच्या डब्यात होती. देवकाबाईचा पासपोर्ट निघेपर्यंत आजाराने सगळं आटोपून टाकलं होतं. कोणीतरी तिच्या हातात सोललेलं संत्रं दिलं. तिने फोड तोंडात टाकली, चव लागली नाही. रडूही येत नव्हतं.

डॅनियलला अर्धी रक्षा जाम नदीत सोडायची होती, अर्धी थॉर्नकोटला न्यायची होती. तिथं तुमचं कोण आहे, असं तिने विचारलं. तो प्रणालीकडून शिकलेल्या मराठीत हळूहळू बोलला.

"आई, तिथं कोणीच नाही राहत. लोक कवाचेच गेले. गवताखाली घरांचे उंचवटे हायेत, मेंढरं चरतात. आम्ही दोघं उन्हाळ्यात जेवणाचा डबा घेऊन जात होतो."

म्हणजे विहीर नव्हती. चूल नव्हती. इतकी वर्षं मनातल्या मनात तिने लेकीला ज्या गल्लीतून हिंडवलं, ती गल्लीच नव्हती.

अलका म्हणाली, ज्या गावात दिवा लावायला माणूस नाही तिथं पोरीला कशाला टाकता, सगळी जाममध्येच सोडा. देवकाबाई ऐकत होती. तिगावातलं घर भावांनी विकलं, त्यालाही बराच काळ झाला होता. तिथं तिला या म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

"झाडं हायेत का तिथं?" तिने विचारलं.

"काट्याची हायेत. पांढरी फुलं येतात."

दुसऱ्या दिवशी नदीवरून आल्यावर डब्यात अर्धी रक्षा उरली होती. देवकाबाईने पेटीतून हिरवा खण काढला. तांदूळ घेतले, हळकुंड घेतलं. नारळ अलकानेच आणून दिला. सवाष्ण गेलेल्या लेकीची ओटी तिने डब्यापुढे भरली, खणाला गाठ मारली आणि जावयाच्या हातात दिली.

"जावईबापू, तिले तिच्या गावी नेजा."

स्टेशनवर जायला ऑटो सुरू झाला. दारातून अलका सवयीने म्हणून गेली, "थॉर्नकोटवाली, पोचली की फोन करजो वं."

देवकाबाई ऑटो वळेपर्यंत उभी राहिली.