परक्या बाईसमोर

अलेक्झांड्रियाच्या समुद्रावरच्या त्या जुन्या, दिमाखदार हॉटेलात शलालीची उभी हयात गेली, आणि त्याच्या बायकोनं, नब्रानं, ते हॉटेल म्हातारपणी पहिल्यांदा पाहिलं. इजिप्तच्या दक्षिणेला, नूबियातल्या त्यांच्या गावांची रीतच तशी होती. पुरुष उत्तरेला जायचे, मोठ्या हॉटेलांत चाकरीला. बायका नदीकाठी खजुराची झाडं, म्हातारी माणसं आणि पोरं सांभाळायच्या. शलाली दोन वर्षांतून एकदा टपालाच्या बोटीनं यायचा, चहा-साखर घेऊन. नब्राच्या वाट्याला नवरा आला तो असा सुट्टीपुरता. पुढं धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, सरकारनं दिलेल्या वस्तीत बिऱ्हाड हललं. तेव्हाही तो या हॉटेलातच, पाहुण्यांना कॉफी देत होता. कायमचा घरी आला तेव्हा तिचे केस पिकले होते.

"आता दिवसभर तोंड बघावं लागणार तुझं," ती म्हणाली होती.

"बघ की. फुकट आहे," तो म्हणाला होता.

काही वर्षं सुखाची गेली. मग त्याला विसर पडायला लागला. आधी किल्ल्या, मग शेजारी, मग पोटचा मुलगा. रमजानपासून त्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं. नुसता बघायचा, नाहीतर उठून कुठंतरी निघायचा. धरायला गेलं की ओरडायचा.

मुलीला, सुकैनाला, वाटलं की बाबांना जुनी जागा दाखवावी, आठवलं तर काही आठवेल. सौदीत, दम्मामला नोकरी करणाऱ्या तिच्या भावानं हॉटेलची सोय केली. नब्राला फार काही नको होतं. मरायच्या आधी त्यानं पुन्हा एकदा तरी तिला "नब्रा" म्हणून हाक मारावी, एवढंच.

हॉटेलच्या पायऱ्या चढता चढता शलालीची पाठ ताठ झाली. खोलीत शिरल्याबरोबर त्यानं समुद्राकडच्या खिडकीच्या झडपा उघडल्या, पलंगावरची चादर हातानं सारखी केली, उशा थोपटल्या आणि दाराशी जाऊन उभा राहिला. भिंतीला पाठ टेकू न देता.

"बाबा, बसा की," सुकैना म्हणाली.

तो नब्राकडे वळला, किंचित झुकला. "प्रवास ठीक झाला ना, बाईसाहेब? चहा आणू की लिंबाचं सरबत?"

"बाबा, ही आई आहे."

"होय, ताईसाहेब. आपल्या आईसाहेबांची अजिबात काळजी करू नका."

सुकैनाला हसू फुटलं आणि तसंच ते विझलं. नब्रा पलंगाच्या कडेला टेकली. हा माणूस तिनं कधी पाहिलाच नव्हता. सुट्टीवर आलेला शलाली चटईवर आडवा व्हायचा, त्याला पाणीसुद्धा हातात लागायचं. हा वाकून तिच्या पायाखाली चौरंग सरकवत होता.

"उभ्या जन्मात कधी चहा विचारला नाहीस रे," ती आपल्या नूबी बोलीत पुटपुटली.

त्यानं दचकून दाराकडे पाहिलं. "इथं आपली बोली नको, बाईसाहेब. मुकादम ऐकेल."

पण त्या संध्याकाळी तो ओरडला नाही, कुठं निघाला नाही. दाराजवळच्या खुर्चीत शांत झोपला. कित्येक महिन्यांत असा झोपला नव्हता.

सकाळी नब्रा सज्जात बसली होती. खाली वाळूत छत्र्या लागत होत्या. शलालीनं तिच्यापुढं कॉफी ठेवली, एक थेंब बशीत सांडू न देता, आणि दोन पावलं मागं सरला. तिनं हिय्या केला.

"लग्न झालंय का तुझं?"

"झालंय, बाईसाहेब. बायको गावी असते. नदीकाठीच घर आहे, निळ्या दाराचं."

ते निळं दार पाण्यात जाताना नब्रानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"कशी आहे?"

तो गालात हसला. "तोंडाची फटकळ. पण तिच्या जिवावर मी इथं उभा आहे. दोन वर्षं होत आली बघून. रजा मिळाली की जाणार."

"नाव काय तिचं?"

शलालीनं समुद्राकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. नाव त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं, तिला दिसलं. मग त्यानं मान खाली घातली.

"माफ करा, बाईसाहेब. आमच्यात बायकोचं नाव परक्यासमोर घेत नाहीत."

तिच्याच गावची रीत होती ती. तिच्या बापानंही तिच्या आईचं नाव कधी बाहेर काढलं नव्हतं.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली.

आतून सुकैना आली, डोळे पुसत. "आई, सांग ना त्यांना, की तूच..."

"नको. सुखात आहे तो. कशाला गोंधळात पाडायचं?"

निघताना बॅग त्यानंच खाली आणली. दोघींना टॅक्सीत बसवून दार लावलं आणि छातीवर हात ठेवून पायरीशी उभा राहिला. "पुन्हा या, बाईसाहेब."

सुकैना उतरली, त्याचा दंड धरला. "बाबा, चला. घरी जायचंय."

"ड्यूटी सोडून?" त्यानं हात झटकला. आवाज चढला. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले.

नब्रानं काच खाली केली. असा मालकिणीचा आवाज तिनं आयुष्यात कुणापुढं काढला नव्हता. "हे बघ, मी म्हातारी बाई. स्टेशनवर माझं सामान कोण उतरवणार? तू चल बरोबर. तुझ्या साहेबांना मी सांगते."

"जशी आज्ञा," शलाली म्हणाला आणि लगेच येऊन बसला. मागं तिच्याशेजारी नाही, पुढं, ड्रायव्हरजवळ.

गाडी समुद्राकाठानं निघाली. नब्रा त्याच्या मानेवरच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिली. थोड्या वेळानं तो अर्धवट वळला. "काच वर करायला सांगू का? वारा झोंबतोय."

"असू दे. तुला गावी जायचंय म्हणालास ना? आमची गाडी तिकडेच जाते."

"खरंच?" त्याचा चेहरा उजळला, मग तो काळजीत पडला. "बायकोला निरोप पाठवायला हवा होता. अवचित गेलो तर बोलेल."

"नाही बोलणार," नब्रा म्हणाली.